मांजरीच्या पिल्लाची ल्युकेमिया व्हायरसची चाचणी पॉझिटिव्ह आली आहे, आता काय करू?

तुम्ही लिहिलंय की पिल्लू तीन महिन्यांचं आहे, खातंय, दिवसभर दोरीमागे पळतंय, घरात आणखी एक मोठी मांजर आहे आणि चाचणी पॉझिटिव्ह आल्यावर कुणीतरी "इंजेक्शन देऊन मोकळं करा" असं सांगितलंय. कृपया एवढ्यात तसं करू नका. माझ्या मांजरीचा, ठिपकीचा, असाच रिपोर्ट आला तेव्हा ती चार महिन्यांची होती. त्यानंतर ती अडीच वर्षं जगली आणि शेवटचे तीन आठवडे सोडले तर मजेत जगली.

दवाखान्यात काही मिनिटांत होणारी चाचणी विषाणूचं एक प्रथिन रक्तात आहे का, एवढंच बघते. म्हणजे आज विषाणू रक्तात फिरतोय. पण काही मांजरांचं शरीर त्याला पुढे दाबून टाकतं. विषाणूचा अंश हाडांमधल्या मज्जेतल्या पेशींमध्ये उरतो, रक्तात मात्र तो फिरत नाही आणि असं मांजर सहसा इतरांना आजार देत नाही. म्हणून साधारण ६ आठवड्यांनी फेरतपासणी करायची आणि शक्य असेल तर प्रयोगशाळेतून पीसीआरही (विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी). तुमच्या पिल्लाचं काय होणार हे त्याआधी कुणीच सांगू शकत नाही.

खोटी आशाही दाखवत नाही. लहान वयात लागण झाली की विषाणू टिकून राहण्याची शक्यता मोठ्या मांजरापेक्षा जास्त असते. तो टिकलाच तर बहुतेक मांजरं दोन-तीन वर्षांत जातात, काही त्याहून जास्त जगतात. मुळावर घाव घालणारं औषध नाही. एझेडटीसारखी विषाणूविरोधी औषधं काही वेळा देतात, पण त्यानेच रक्त कमी होऊ शकतं, त्यामुळे नियमित रक्ततपासणीशिवाय ती नकोत.

हा विषाणू मज्जेत, जिथे रक्त तयार होतं तिथेच, ठाण मांडतो. त्यातून पंडुरोग होतो म्हणजे रक्त कमी होतं, पांढऱ्या पेशी घटतात, कधी लिम्फोमा हा कॅन्सर होतो. साधी सर्दीही अशा पिल्लाला झोपवते. म्हणून बाहेर सोडणं पूर्ण बंद. कच्चं मांस, कच्चं अंडं नको. पिसवांचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने न चुकता. पिसवा रक्त तर पितातच, शिवाय रक्तपेशींवर जगणारा जंतूही पसरवू शकतात. नेहमीच्या लसी आणि नसबंदी टाळायची नाही, फक्त पिल्लू ठणठणीत असताना करायची.

मोठ्या मांजरीची चाचणी आजच करून घ्या आणि तोवर दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा. लागण मुख्यतः लाळेतून होते: एकमेकांना चाटणं, एकाच भांड्यात खाणं, चावणं. शरीराबाहेर मात्र हा विषाणू काही तासांतच मरतो, साबणाच्या पाण्याने भांडी धुतली तरी पुरतं. मोठी निगेटिव्ह आली तर तिला या विषाणूची लस द्या, पण लस शंभर टक्के संरक्षण देत नाही, म्हणून पुढेही वेगळं ठेवणंच बरं. माणसांना किंवा कुत्र्यांना हा आजार होत नाही. पिल्लाला पोटाशी घेऊन झोपायला तुम्ही घाबरू नका.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो वहीचा. दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठिपकीचं वजन करून लिहून ठेवायची. पिल्लाचं वजन आठवड्याला साधारण १०० ग्रॅम वाढायला हवं. वाढणं थांबलं की दिसायला छान असलं तरी दाखवून आणा. रोज ओठ उचलून हिरड्या बघा, गुलाबी हव्यात. गाढ झोपेत मिनिटाला ३० पेक्षा जास्त श्वास सतत दिसले, किंवा ताप ३९.२ अंश सेल्सिअसच्या वर गेला, तर उद्यावर ढकलू नका. ठिपकी भांड्याजवळ यायची, वास घ्यायची आणि मागे सरायची. मला वाटलं, नखरे करते. तिच्या तोंडात फोड आले होते. त्या चार दिवसांचं मला अजून वाईट वाटतं. पिल्लाने दोन वेळचं खाणं सोडलं तर थेट दवाखाना गाठा. आणि घरातली आपली गोळी कधीच देऊ नका, पॅरासिटामॉलने मांजर मरतं.

दर सहा महिन्यांनी रक्ताची पूर्ण तपासणी करा. डॉक्टर बदललात तर पहिल्याच भेटीत हा आजार सांगा, कारण स्टेरॉईडसारखी औषधं देताना त्यांना वेगळा विचार करावा लागतो.

इंजेक्शनचं म्हणाल, तर ठिपकीच्या वेळी मीच डॉक्टरांना ते विचारलं. तिच्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या आणि पाण्यापर्यंतही तिला चालवत नव्हतं. तुमचं पिल्लू आज दोरीमागे पळतंय. आधी फेरतपासणीची तारीख घेऊन ठेवा.