कापूस पांढराफटक, आईचा चेहरा अंधारात

प्रश्न : काका, नोव्हेंबरात वावरात गेले तेव्हा आईचा कापूस वेचतानाचा फोटो मोबाइलवर काढला. दुपारचे साडेबारा वाजले होते. मूळ फोटोत कापूस नुसता पांढराफटक आणि पदराखालचा आईचा चेहरा दिसतच नव्हता. म्हणून स्नॅपसीड या फोटो सुधारायच्या ॲपमध्ये शॅडो (अंधाऱ्या भागाची पट्टी) पूर्ण वाढवली, हायलाइट (उजळ भागाची पट्टी) पूर्ण उतरवली. आता चेहरा दिसतो, पण राख फासल्यासारखा. डोक्याभोवती उजळ कड आली आहे. कापूस राखाडी झाला, बोंडं मात्र वेगवेगळी दिसत नाहीत ती नाहीतच. फोटो मोठा करून घरात लावायचा आहे. दोन्ही फोटो सोबत पाठवते. माझं काय चुकलं?
— एक वाचक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

उत्तर : बेटा, मूळ फोटो पाठवलास हे फार बरं केलंस. तो संगणकावर मोठा करून आईच्या डाव्या हाताजवळच्या बोंडावर आकडे पाहिले. लाल, हिरवा, निळा, तिन्ही २५५. जेपीईजी फोटोत प्रत्येक रंगाला ० ते २५५ अशा २५६ पायऱ्या असतात, आणि २५५ ही शेवटची. मग आईच्या पायाशी, तिच्याच सावलीत आलेलं एक बोंड पाहिलं. तिथे आकडा २०० च्या आसपास आहे आणि कापसाची घडी न् घडी दिसते.

पायलीनं ज्वारी मोजताना पायली शिगोशिग भरली की वरचे दाणे सांडतात. किती सांडले ते पायली सांगू शकत नाही. कॅमेऱ्यातला प्रत्येक ठिपका अशीच एक पायली आहे. हाताजवळचं बोंड, त्याच्या मागचं बोंड, मधली फट, सगळ्यांची पायली भरून वाहिली, म्हणून सगळ्यांचा आकडा एकच झाला. हायलाइटची पट्टी खाली ओढलीस तेव्हा त्या सगळ्या २५५ चे सारखेच कमी आकडे झाले. पांढऱ्या चुन्याच्या जागी राखाडी चुना आला. पायाजवळच्या बोंडात मात्र फरक शिल्लक होता, म्हणून ते सुधारलं. तुझ्याच फोटोत नीट बघ, दिसेल.

हे मी शिकलो ते एका फोटोपायी. २००६ साली पहिला डिजिटल कॅमेरा घेतला आणि पोळ्याला वडिलांचा बैलजोडीसोबत फोटो काढला. पांढरा सदरा, पांढरी टोपी. त्याआधी माझी कित्येक वर्षं फिल्मवर गेली होती. निगेटिव्हचा स्वभाव असा, की सावलीला प्रकाश कमी पडला तर तिथे काहीच उमटत नाही. उजेडाचा भाग थोडा जास्त झाला तरी तो निभावून नेते. म्हणून हात सवयीनं थोडा जास्त प्रकाश देत असे. डिजिटलचा स्वभाव नेमका उलटा. वडिलांचा चेहरा सुंदर आला, पण टोपीची घडी गेली ती गेलीच. वडील आता नाहीत. टोपीला इस्त्री ते स्वतः करायचे, घडी धारदार लागायची त्यांना. तो फोटो मी अजून कधीकधी उघडतो, पण ती घडी कोणत्याच पट्टीनं परत येत नाही.

आता चेहऱ्याकडे येऊ. तो वाचण्यासारखा आहे. गालाचे आकडे ३० ते ४५ मध्ये आहेत, म्हणजे अंधारात असले तरी शून्य नाहीत. पण अंधाराच्या वाट्याला पायऱ्या मुळात थोड्या. त्या थोड्या पायऱ्या पूर्ण शंभरपर्यंत ताणल्या की मधे फटी पडतात, दाणे आणि रंगाचे डाग वर येतात. चेहऱ्यातला उजेड-सावलीचा फरकही पुसला जातो, आणि राखेसारखं दिसण्याचं अर्धं कारण तेच. उरलेलं अर्धं असं, की पदराखाली ऊन पोचत नाही, तिथे उजेड येतो तो निळ्या आभाळाचा. अंधारात तो निळेपणा कळत नाही. सावली उचलली की कातडीवर येऊन बसतो.

डोक्याभोवतीच्या कडेचं कारण वेगळं. शॅडोचं साधन एकटा ठिपका बघत नाही, त्याच्या आजूबाजूचा भाग पुसट करून बघतं आणि ‘इथे अंधार आहे’ असं ठरवतं. पदर संपून आभाळ सुरू होतं तिथे हा पुसटपणा ओलांडून पलीकडे जातो आणि आभाळाची कड उजळते. आमच्या डार्करूममध्ये हेच काम हातानं चालायचं. तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची चकती चिकटवायची आणि एनलार्जरच्या, म्हणजे निगेटिव्हचं चित्र कागदावर मोठं करून पाडणाऱ्या यंत्राच्या उजेडात ती चेहऱ्यावर धरायची, म्हणजे कागदावर तेवढा भाग कमी काळा होतो. चकती सतत हलती ठेवायची. दोन सेकंद जरी स्थिर राहिली तरी डोक्याभोवती अशीच कड यायची, आणि उस्ताद तो कागद सगळ्यांसमोर फाडायचे. फोटोशॉपमधल्या डॉज साधनाचं चित्र बघशील तर ते त्या तारेवरच्या चकतीचंच आहे. शेजारच्या बर्नचं चित्र म्हणजे बोटांची पोकळी करून धरलेला हात.

तेव्हा मूळ फोटो पुन्हा उघड. संपूर्ण फोटोची शॅडो ३० च्या वर नेऊ नको. हायलाइट उणे २० ते ३०, तेवढ्यात पायाजवळचा कापूस सुधारतो. २५५ वर गेलेला कापूस पांढराच राहू दे, राखाडी कापसापेक्षा पांढरा बरा. मग सिलेक्टिव्ह साधन घे, आईच्या गालावर बिंदू ठेव, दोन बोटांनी घेर चेहऱ्यापुरता आवळ. तिथे ब्राइटनेस थोडा वाढव, आणि लगेच कॉन्ट्रास्ट व सॅच्युरेशनही थोडं वाढव, म्हणजे चेहऱ्यात जीव येतो. संगणक असेल तर गिंप हे फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्याच्या २.१० या आवृत्तीपासून शॅडोज-हायलाइट्स हे साधन आहे आणि त्यात रेडियस म्हणजे तो पुसटपणाचा घेर हातानं बदलता येतो. कड दिसेनाशी होईपर्यंत बदलत राहा.

आणि एक गोष्ट मनापासून सांगतो. सावली उचलायची ती चेहरा दिसावा म्हणून, गोरा व्हावा म्हणून नाही. माझ्या स्टुडिओत लग्नाचे अल्बम घेऊन लोक येतात आणि ‘पोरीला जरा उजळ करा’ म्हणतात. मी करत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालतं. तुझी आई सावळी आहे, उन्हात वेचणी करते, पदराची सावली तिच्या कपाळावर असायलाच हवी. ती सगळी पुसलीस तर फोटोतली दुपारच जाईल.

शक्य असेल तर फोटो पुन्हा काढ. अजून एक वेचा बाकी असेलच. सकाळी दहिवर वाळेपर्यंत वेचणी लागत नाही, म्हणून संध्याकाळी साडेचारच्या सुमाराला जा. तुझ्या फोटोत आईची पाठ दक्षिणेला होती. या दिवसांत दुपारचं ऊन दक्षिणेकडून कलतं, त्यामुळे तिच्या तोंडावर तिचीच सावली पडली. साडेचारला तिला पश्चिमेकडे अर्धवट वळून उभी राहू दे. दुपारीच काढायचा असेल तर वेचलेल्या कापसाच्या ढिगाजवळ बसव. पांढऱ्या कापसावरून उजेड उसळून खालून चेहऱ्यावर येतो. पऱ्हाटीतल्या काळ्या मातीवरून तो येत नाही, ती सगळा पिऊन टाकते. मोबाइलच्या पडद्यावर कापसावर बोट दाबून धर, शेजारी सूर्याचं चिन्ह येईल ते खाली ओढ, ओटीतल्या कापसाच्या घड्या दिसेपर्यंत. चेहरा थोडा गडद आला तरी घाबरू नको, तो नंतर उचलता येतो. मोबाइलच्या प्रो मोडमध्ये रॉ फाइल, म्हणजे जेपीईजी करण्याआधीची कच्ची फाइल मिळत असेल तर तीच घे. १२ बिटच्या रॉमध्ये २५६ ऐवजी ४०९६ पायऱ्या असतात आणि सावली ताणायला जागा राहते.

प्रश्न : वडशाला झाडीपट्टीचं नाटक पाहिलं, रात्री फोटो काढले. मागचा अंधार उजळला तर सगळीकडे रंगीत दाणे आले. काय करू?
— एक वाचक, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : भाऊ, मागच्या अंधारात काही नव्हतंच, तिथे काय उजळणार? शॅडोला हात लावू नका, उलट ब्लॅक्स, म्हणजे सगळ्यात गडद भागाची पट्टी, थोडी खाली घ्या म्हणजे दाणे काळ्यात बुडतील. नटाच्या चेहऱ्यावरचा झगझगीत दिवा तेवढा हायलाइटनं उतरवा. झाडीपट्टीचं नाटक रात्रभर चालतं, त्याची रात्र फोटोत दिसली तर काय बिघडलं?

प्रश्न : मोबाइलवर छान दिसणारा फोटो छापून आणला की काळवंडतो. छापणारा चुकतो का?
— एक वाचक, ता. मेहकर, जि. बुलढाणा

उत्तर : बहुतेक वेळा नाही. मोबाइलचा पडदा आतून उजळतो, कागद खोलीतल्या उजेडावर दिसतो. पडद्याचा उजेड निम्म्यावर आणून, घराच्या सावलीत बसून सुधारणा करा. वावरात उन्हात बसून केलेल्या सुधारणेचा काही भरवसा नाही. मोठा फोटो छापायच्या आधी त्याचीच चार बाय सहाची एक प्रत काढा आणि ज्या भिंतीवर लावायचा तिथे नेऊन बघा. राळेगावच्या मुलीलाही हेच सांगणं. भिंतीवर आईचे डोळे दिसले नाहीत, तर शॅडो आणखी पाच-दहाच वाढव आणि पुन्हा एक प्रत काढ.