बेळगाव-खानापूर भागात वर्दळ टाळून मातीच्या वाटांवर सायकल कशी चालवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साधी हायब्रीड सायकल आहे, डांबरी रस्त्यावर ५०-६० किमी जमतात, आता ट्रक आणि गाड्यांचा त्रास नको, रानातून आणि नदीकाठानं जायचंय. त्यासाठी ग्रॅव्हल सायकल (मातीच्या, खडीच्या वाटांसाठी बनवलेली, रुंद टायरची) घ्यावी का, आणि सुरुवात कुठून करावी?

सायकल बदलायची घाई करू नका. आपल्याकडे सायकलीपेक्षा माती आणि महिना बघून वाट निवडणं जास्त महत्त्वाचं आहे. बेळगावच्या पश्चिमेला जांभ्याची लाल जमीन, पूर्वेला काळी. कणकुंबीला वर्षाला तीन हजार मिमीच्या वर पाऊस पडतो, सौंदत्तीकडे तो सहाशेच्या आसपास येतो. त्यामुळे एकाच रविवारी एकीकडची वाट सुरेख असते आणि दुसरीकडची पाय ठेवण्याजोगी नसते.

लाल मुरमाड वाटेत पाणी झिरपून जातं. पाऊस थांबून एक दिवस कडक ऊन पडलं की ती चालवता येते. काळी माती तशी नाही. ती पाणी धरते, फुगते आणि टायरला थरावर थर चिकटत जातो. पन्नास-शंभर मीटरांत टायर आणि फ्रेममधली जागा भरते, चाक जाम होतं. तशात जोर लावून पेडल मारलं की चिखल आणि काड्या मागच्या डिरेलरमध्ये (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेत) ओढल्या जातात आणि हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा धातूचा तुकडा, वाकतो किंवा तुटतो. म्हणून काळ्या रानात माती चिकटायला लागली की लगेच उतरायचं. सायकल ढकलायचीही नाही, उचलून गवताच्या कडेनं न्यायची. मोठ्या पावसानंतर तीन-चार दिवस तिकडे जाऊच नये.

माझ्या मते वर्षाचा हिशेब असा बसतो. जून ते सप्टेंबर पश्चिमेकडच्या रानवाटा सोडून द्या. ओढे भरलेले असतात, झाडं पडतात, जळवा असतात. ऑक्टोबरमध्ये राजहंसगडाच्या आजूबाजूची मुरमाड वाट आधी वाळते. नोव्हेंबर ते जानेवारी खानापूर तालुका उत्तम: भाताची कापणी झालेली, वाटा घट्ट, नदीला पाणी. काळ्या रानासाठी जानेवारी-फेब्रुवारी. मार्चपासून ऊन वाढतं, पश्चिमेला वणवे लागतात आणि मुरमाचा वरचा थर सुटून बारीक खडी होते. त्या खडीवर उतारात पुढचा ब्रेक जोरात दाबला की चाक सरकतं.

ऊसतोडीचा हंगामही ध्यानात ठेवा. नोव्हेंबर ते मार्च हुक्केरी, चिकोडी, गोकाक पट्ट्यातल्या गावरस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर सतत असतात, आणि ते पाणंदीतूनच रानात शिरतात. अरुंद पाणंदीत भरलेला ट्रॅक्टर समोर आला तर उतरून बांधावर चढा. उतारावर त्याला पटकन थांबता येत नाही. चाकांनी वाटेचा भुगा झालेला असतो, तिथे हवा कमी आणि हलका गिअर ठेवा.

आता सायकलीविषयी. हायब्रीडमध्ये ४० मिमीचा टायर बसतो का बघा. दोन्ही बाजूंना निदान ५-६ मिमी मोकळी जागा राहायला हवी, नाहीतर चिखलात अडकणार. बसत असेल तर एवढ्यावर दोन वर्षं आरामात निघतात. ट्यूब असताना ७० किलोच्या माणसानं हवेचा दाब मागे ४५-५० आणि पुढे ४२-४५ पीएसआय ठेवावा. त्याहून कमी केलं तर जांभ्याच्या धारेवर आपटून रिम आणि टायरमध्ये ट्यूब चिरडते आणि तिला शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेस केलं तर मागे ३५-३८, पुढे दोन-तीन कमी. सुट्या खडीवर आणखी चार-पाच उतरवता येतं. प्रत्येक चाकात ६० मिलीच्या आसपास सीलंट (भोक आतून बुजवणारं द्रव) घाला. आपल्या उन्हात ते लवकर सुकतं, म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी व्हॉल्व्हचा गाभा काढून तपासा.

बाभळीच्या आणि बोराटीच्या काट्याचं भोक सीलंट सहज बुजवतं. खरं भय आहे ते जांभ्याच्या दगडाचं. पानगळीनंतर वाटेवर पाचोळा असतो, खाली धारदार दगड लपलेला, आणि तो टायरची बाजू कापतो. कापलेल्या बाजूला प्लग (भोकात कोंबायची रबरी पट्टी) धरत नाही. तेव्हा चाक काढून आतून जुन्या टायरचा चार-पाच सेंमीचा तुकडा लावायचा, सीलंट पुसून ट्यूब घालायची आणि ३० पीएसआयच्या आसपास हवा भरून हळू घरी यायचं. ट्यूब घालण्याआधी टायरमध्ये राहिलेले काटे बोटानं चाचपून काढा, नाहीतर तीही लगेच जाते.

गिअरमध्ये पुढचा सर्वांत छोटा दातेरी आणि मागचा सर्वांत मोठा सारख्या दातांचे असले तरी चालतं, मागचा मोठा असला तर फारच बरं. पुढे ४० आणि मागे ४२ दातांची जोडी बहुतेक चढांना पुरते. सोबत दोन ट्यूब, पंप, प्लग, क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी), चेनटूल आणि तुमच्या फ्रेमचा हँगर ठेवा. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. खानापुरात किंवा नंदगडात पंक्चर निघेल, पण तो हँगर मिळणार नाही. लाल मातीच्या चिखलात रेझिनचे डिस्क पॅड फार लवकर झिजतात. सिंटर्ड (धातूच्या भुकटीचे) पॅड थोडे आवाज करतात, पण टिकतात.

सुरुवातीची वाट म्हणून मी येळ्ळूर, राजहंसगडाचा पायथा, नंदिहळ्ळी, गर्लगुंजी, इदलहोंड, खानापूर ही सुचवेन. हायवे बाजूला राहतो, गावं जवळजवळ आहेत, पाणी-चहा मिळतो आणि दमलात तर देसूर, इदलहोंड, खानापूर ही रेल्वे स्थानकं हाताशी आहेत. खानापुराहून मलप्रभेच्या काठानं असोग्याच्या रामलिंगेश्वर मंदिरापर्यंतचा तुकडा छोटा आहे, पण नदीकाठ म्हणजे काय ते तिथे कळतं. सरावानंतर खानापूर, नंदगड, हलशी. हलशीला कदंबकालीन भूवराह नरसिंहाचं मंदिर आहे, तिथे सावलीत विसावा घेता येतो. हलशीहून नागरगाळीकडे दाट जंगल लागतं. तिथे एकट्यानं जाऊ नका. मलप्रभेच्या खालच्या अंगाला पारिश्वाड, एम. के. हुबळीकडे जाल तशी माती काळी होत जाते. तिथे बैलगाडीच्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या झालेल्या असतात. चाक चाकोरीत पडलं तर हँडल वळवून बाहेर काढायला जाऊ नका, हमखास पडाल. वेग कमी करा, सरळ जाऊ द्या आणि चाकोरी उथळ झाली की बाहेर या.

घटप्रभेच्या कालव्यांकाठचे रस्ते सपाट आणि मोकळे दिसतात. जाण्याआधी पाटबंधारे खात्याच्या माणसाला विचारा, आणि कालव्याच्या नव्हे, शेताच्या बाजूनं चालवा. अस्तर केलेल्या कालव्यात पडलेल्या माणसाला गुळगुळीत उतारावरून वर येता येत नाही.

नकाशावर दिसणाऱ्या प्रत्येक रेघेवर विश्वास ठेवू नका. पेरणीत पाणंद नांगरली जाते, ओढ्यावरची मोरी वाहून जाते. सॅटेलाइट चित्रात वाट दोन समांतर रेघांची दिसली तर गाडीवाट, एकच रेघ असेल तर पायवाट. गावात विचाराल तर नुसतं 'वाट हाय काय?' विचारू नका, उत्तर नेहमी 'हाय' असंच येतं. 'मामा, पलीकडं ट्रॅक्टर जातोय काय?' असं विचारा. ट्रॅक्टर जात असेल तर सायकल चालते. 'माणसं जात्यात' असं उत्तर आलं तर बराच भाग सायकल खांद्यावर घ्यावी लागणार.

भीमगड अभयारण्य २०११ साली जाहीर झालं. आमगाव, गवाळी, देगाव बाजूच्या वाटा नकाशात मोहात पाडतात, पण वनखात्याच्या परवानगीशिवाय आत शिरू नका. तो गुन्हा आहे, आणि धोकाही आहे. खानापूरच्या जंगलात अस्वलं आणि गवे आहेत, दांडेलीकडून हत्तीही येतात. अस्वल अचानक समोर आल्यावर बिथरतं, म्हणून वळणांवर आधीपासून घंटी वाजवत जा. पण प्राणी दिसल्यावर घंटी बंद, बोलणं बंद. थांबा, हळूहळू मागे सरका, त्याला वाट द्या. पहाटे आणि दिवस मावळताना जंगलात नसणं सर्वांत बरं. सकाळी आठनंतर शिरा, चारच्या आत बाहेर पडा.

जानेवारी ते मे गोचिडांपासून सांभाळा. शेजारच्या दोडामार्ग भागात माकडताप आढळलेला आहे. लांब मोजे घाला, गवतात बसू नका, घरी आल्यावर अंग तपासा, आणि आठवड्याभरात ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेलो होतो हे आवर्जून सांगा. वस्तीवरचं कुत्रं अंगावर आलं तर सायकल पळवू नका. उतरा, ती मध्ये धरा, चालत पुढे जा. तीस-चाळीस पावलांवर कुत्रं बहुधा थांबतं.

दोन लिटर पाणी, ओआरएसची पुडी आणि एक केळं एवढं तरी असू द्या. रानात मोबाईलला रेंज नसते, तेव्हा निघताना कुठल्या गावावरून जाऊन कितीला परतणार हे घरी लिहून ठेवा. परत आल्यावर चेन पुसून तेल घाला, पण जोराच्या पाण्यानं बेअरिंग धुऊ नका. लाल माती पाण्याबरोबर सीलच्या आत जाते आणि महिनाभरात हब कुरकुरायला लागतो. बादली आणि ब्रश पुरेसं आहे.