पिल्लाआधी घराकडे बघ

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आणि फोटो मिळाले. तू घ्यायचं म्हणतोयस ते मेंढ्या राखणाऱ्या बॉर्डर कॉली जातीचं, करड्या ठिपक्यांचं पिल्लू देखणं आहे, त्यात वाद नाही. पण त्या वयाचं कुठलंही पिल्लू देखणंच असतं. म्हणून फोटो बाजूला ठेवले आणि घराबद्दल तू जे लिहिलंयस तेवढं परत वाचलं: ताई, तिची लहान मुलगी, आजी आणि घरूनच काम करणारा तू.

तू विचारलंयस, "मी रोज पाच किलोमीटर धावतो, तेवढा व्यायाम त्याला पुरेल ना?" शेफर्ड, कॉली, मॅलिनॉय अशा कामाच्या जातींचं कुत्रं घ्यायला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण मला हेच विचारतो. जणू सगळा मामला पायांचाच आहे. खरी अडचण डोक्याची असते. या कुत्र्याला दमवणं त्यामानानं सोपं. त्याला घरात काही न करता पडून राहायला शिकवणं अवघड, आणि तुझ्या घराला ते जमेल का यावर सगळं ठरणार आहे.

ही जात कशी घडली ते बघ. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सरहद्दीवरच्या डोंगरउतारांवर मेंढपाळांनी पिढ्यानपिढ्या कामाची कुत्री निवडली. रूपाकडे कोणी बघत नव्हतं. 1893 साली नॉर्थंबरलंडमध्ये अ‍ॅडम टेल्फर यांच्याकडे ओल्ड हेम्प नावाचा कुत्रा जन्मला. न भुंकता, न चावता, नुसत्या नजरेच्या धाकावर तो मेंढ्या हलवायचा. आजच्या बहुतेक बॉर्डर कॉलींची वंशावळ त्याच्यापर्यंत पोचते. लांडगा शिकार करताना आधी नजर रोखतो, मग दबकत पुढे सरकतो, पाठलाग करतो, पकडतो आणि मारतो. मेंढपाळांनी यातला पहिला भाग वाढवत नेला आणि शेवटचा दाबून टाकला. म्हणजे तुझ्या घरात येणार आहे ते अर्ध्यावर थांबवलेल्या शिकारीचं जनावर. हलणारी प्रत्येक गोष्ट त्याच्या दृष्टीनं कळपातून फुटलेली मेंढी असते, आणि ती परत वळवणं हे त्याचं काम. मेंढ्या नसल्या म्हणून काम संपत नाही. तो दुसरं काहीतरी शोधतो.

आता तुझ्या ताईची चार वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आण. ती हॉलमधून किंचाळत धावत सुटली की सहा महिन्यांचं पिल्लू काय करेल, सांगतो. आधी मान खाली जाईल, खांद्यांच्याही खाली. एक पुढचा पाय अर्धवट उचललेला, तसाच हवेत थांबलेला. शेपूट खाली. डोळे तिच्यावर खिळलेले. मग वळसा घालून तो तिच्या पुढे येईल, आणि ती थांबली नाही तर टाचेला किंवा पोटरीला दातांची चुणूक दाखवेल. रक्त येणार नाही. तो चावरा नसतो, रागावलेलाही नसतो. पण मुलगी घाबरून आणखी जोरात पळेल, आणि त्याच्या लेखी काम रंगात येईल. गुरांसाठी तयार केलेल्या जातींत, ऑस्ट्रेलियन कॅटल डॉगसारख्या, टाचेला धरण्याचा हा प्रकार आणखी ठळक असतो. हे सुधारतं, पण त्यासाठी दोघांवरही डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणारं मोठं माणूस त्याच खोलीत हवं. बाजूच्या खोलीत मीटिंगमध्ये बसलेला मामा त्यात धरता येत नाही.

दुसरी गोष्ट सावल्यांची. मनगटावरच्या घड्याळाचा कवडसा भिंतीवर पडतो, आपण हात हलवतो, कवडसा हलतो. एका घरात मी तरुण कॉली पाहिला होता. कवडसा कधीच विझला होता, तरी तो भिंतीच्या त्याच जागेकडे टक लावून उभा. हाक मारली तर कान हलायचा, मान हलायची नाही. घरच्यांनी गंमत म्हणून लेझरच्या लाल ठिपक्यामागे त्याला पळवलं होतं. या जातींत उजेड आणि सावल्यांचा असा नाद लागायला वेळ लागत नाही, आणि लागला की सुटता सुटत नाही. तेव्हा लेझर घरात येऊच देऊ नकोस. ही एक गोष्ट मी विनंती म्हणून सांगत नाही.

तुझ्या धावण्याकडे येतो. पिल्लाची हाडं वाढत असतात. त्यांच्या टोकांशी असलेल्या मऊ पट्ट्या पक्क्या व्हायला साधारण वर्ष ते दीड वर्ष लागतं. तोवर कडक रस्त्यावर तुझ्यासोबत लांबवर पळवणं, पुन्हा पुन्हा उड्या मारायला लावणं हे सांध्यांच्या मुळावर येतं. म्हणजे तुझा सगळ्यात मोठा भरवसा पहिलं वर्षभर तरी उपयोगाचा नाही. नंतरही एक गंमत आहे. रोज तासभर चेंडू फेकशील तर तीन महिन्यांत तासभर चेंडू पकडूनही न थकणारा खेळाडू तुझ्या घरात तयार झालेला असेल. मग दीड तास फेक. तिथून पुढे माणसांच्या नाकी नऊ येतात आणि कुत्रा मात्र ताजातवाना.

म्हणून मी उलट्या बाजूनं सुरुवात करायला सांगतो. लहान पिल्लाला दिवसाचे 18 ते 20 तास झोप लागते. ही पिल्लं मात्र आपणहून झोपायला जात नाहीत. झोप चढली की ती जास्त चेकाळतात, पाय चावतात, घर डोक्यावर घेतात आणि घरच्यांना वाटतं अजून व्यायाम हवा! खरं तर क्रेटमध्ये, म्हणजे कुत्र्याच्या झोपायच्या पिंजऱ्यात, किंवा आडोशाच्या कोपऱ्यात नेऊन निजवायला हवं असतं. चटईवर शांत पडून राहिल्याबद्दल काही न बोलता खाऊचा तुकडा पुढ्यात ठेवायचा, बेल वाजली तरी चटई सोडली नाही तर आणखी एक. दिसायला हे काहीच नाही, आणि ते रोज, महिनोन्‌महिने करायचं असतं. हे कंटाळवाणं काम तुला आवडेल का? धावायला आवडतं हे तू लिहिलंयसच.

चेसरचं उदाहरण तू दिलंयस, म्हणून त्याबद्दल. जॉन पिली आणि अ‍ॅलिस्टन रीड यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातली ही बॉर्डर कॉली, 1,022 वस्तू नावानं ओळखायची. हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. पिली मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक होते आणि तीन वर्षं रोज चार-पाच तास तिच्यासोबत बसत होते, हे कोणी सांगत नाही. हुशार कुत्रा लवकर शिकतो, आणि तुम्ही न शिकवलेलंही शिकतो. दाराची कडी कशी उघडते, आजी उठली की कोणत्या खोलीत जाते, तू हेडफोन लावलास की पुढचा तास तुझं लक्ष नसतं.

आजीबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, "तिला कुत्र्यांची भीती नाही." भीतीचा प्रश्न नाही रे. काठी टेकत चालणाऱ्या माणसाच्या पायांत वीस किलोचं जनावर वळसे घालत फिरणार. शिवाय ही कुत्री आवाजाला हळवी असतात. मिक्सर, बेल, ढगांचा गडगडाट, काहीही त्यांच्या मनात घर करू शकतं. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहतं, ऐकतं, ते त्याला पुढे ओळखीचं वाटतं. त्याच काळात लसी पूर्ण झालेल्या नसतात. म्हणजे त्याला कडेवर घेऊन गर्दी, वाहनं, छत्र्या, गोंगाट दाखवत हिंडायचं, जमिनीवर न ठेवता. तेव्हा तुला रजा मिळेल का, ते आत्ताच बघ. आणि सहा महिन्यांपासून दीड वर्षापर्यंतचा काळ वेगळा धर. शिकवलेलं सगळं विसरल्यासारखं वागण्याचं ते वय. बरेच लोक तिथे हात टेकतात आणि कुत्र्यासाठी दुसरं घर शोधायला लागतात. केस भरपूर गळतात, हे जाता जाता.

ब्रीडरकडे, म्हणजे पिल्लांची पैदास करणाऱ्याकडे, जाशील तेव्हा पिल्लाला लगेच हातात घेऊ नकोस, घेतलंस की संपलं. आधी आई बघ. अनोळखी माणूस आल्यावर ती कशी वागते, दचकते का, थोड्या वेळानं निवांत होते का. आई-बापांचा रंग विचार. तुझ्या फोटोतल्या पिल्लासारखा ठिपक्यांचा रंग मर्ल जनुकामुळे येतो. दोघंही मर्ल असतील तर त्यांच्या प्रत्येक पिल्लाला दोन्हीकडून ते जनुक मिळण्याची शक्यता चारात एक असते, आणि अशी पिल्लं अनेकदा बहिरी किंवा आंधळी निघतात. दोन मर्ल मुद्दाम जुळवणाऱ्याकडून काहीही घेऊ नये, पिल्लू निरोगी दिसलं तरी. आई-बापांच्या खुब्यांचे एक्स-रे आणि डोळ्यांच्या तपासणीचे कागद माग. एमडीआर-1 या जनुकाची चाचणी झाली आहे का, तेही विचार. कॉली घराण्यातल्या बऱ्याच जातींत त्यात दोष आढळतो, आणि असा दोष असलेल्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिनसारखं जंतांवरचं औषध मोठ्या मात्रेत दिलं तर जिवावर बेतू शकतं. बॉर्डर कॉलीत तो कमी, ऑस्ट्रेलियन शेफर्डमध्ये बराच. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू घेऊन जा म्हणणारा ब्रीडर असेल तर नमस्कार करून बाहेर पड. आणि आई-बाप कामाच्या घराण्यातले की शोच्या, म्हणजे रूपाच्या स्पर्धांसाठी वाढवलेल्या, हे स्पष्ट विचारून घे. शोच्या घराण्यातली कुत्री सहसा थोडी सौम्य असतात, सहसाच.

माझं मत विचारशील तर आज, या घरात, कामाच्या घराण्यातलं पिल्लू नको. भाची शाळेत रुळली, तुझं काम दिवसाचे सलग आठ तास तुला खुर्चीला बांधून ठेवत नसेल, तेव्हा परत बोलू. तोवर याच जातीचा तीन-चार वर्षांचा, घर बदलावं लागलेला कुत्रा बघायला हरकत नाही. त्याचा स्वभाव लपून राहत नाही. मुलांसोबत कसा आहे, एकटा राहतो का, बेलवर काय करतो, हे सगळं आधी बघता येतं, आणि त्याच्याबरोबर तुला पहिल्या महिन्यापासून धावता येईल. आधी थोडे दिवस सांभाळायला घेऊन बघता आला तर उत्तम. दरम्यान एखाद्या मोठ्या कॉलीच्या घरी अख्खा दिवस घालव. सकाळच्या फिरण्याला नको, दुपारी दोन ते पाच जा, सगळे आपापल्या कामात असतात तेव्हा.

एक राहिलं. तुझ्या एवढ्या मोठ्या पत्रात ताईचं मत कुठेच नाही. मुलगी तिची आहे. तिच्याशी बोल, हे पत्र वाचायला दे हवं तर, आणि ती काय म्हणते ते मला तिच्याच शब्दांत कळव.

तुझा,
काका