क्रँकसेट बदलताना : वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न क्रँकसेट, म्हणजे पेडलचे दोन क्रँक आणि पुढची दातेरी चक्रं, बदलण्याबद्दल आहेत. जवळपास प्रत्येकाने चेनरिंगला (पुढच्या दातेरी चक्राला) किती दाते हवेत ते आवर्जून लिहिलं आहे, पण सायकलीत सध्या कोणता बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा ॲक्सल ज्यात फिरतो तो बेअरिंगचा भाग) आहे हे फार थोड्यांनी सांगितलं आहे. माझा क्रम याच्या उलटा असतो. आधी फ्रेमचं शेल (बॉटम ब्रॅकेट बसतो ती आडवी नळी), मग ॲक्सल (दोन्ही क्रँक जोडणारा आस), मग चेनलाइन (फ्रेमच्या मध्यापासून चेनरिंगपर्यंतचं अंतर) आणि दाते सगळ्यात शेवटी. दाते नंतरही बदलता येतात, शेल बदलता येत नाही. खालची उत्तरं त्याच क्रमाचा आग्रह धरून लिहिली आहेत.

प्रश्न : माझ्या जुन्या स्टीलच्या रोड सायकलीला चौकोनी टोकाच्या ॲक्सलवर बसणारा क्रँकसेट होता. तसाच चौकोनी भोकाचा, दोन चेनरिंगचा एक वापरलेला क्रँकसेट मिळाला, तो बसवला. बसला घट्ट, पण लहान चेनरिंग चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीच्या) इतकी जवळ आली आहे की मध्ये कागद जेमतेम सरकतो. घासत मात्र नाही. चालेल का?

उत्तर : नाही, असा चालवू नका. स्टँडवर घासत नसलं तरी चढावर उभं राहून जोर लावलात की फ्रेम आणि क्रँक दोन्ही किंचित वाकतात, आणि तेवढ्यात दाते नळीला लागतात. पातळ नळीवर पडलेला असा ओरखडा पुढे तडा जाण्याची जागा ठरू शकतो.

कारण दोनांपैकी एक असणार. चौकोनी टोकाची दोन प्रमाणं आहेत, जेआयएस (जपानी) आणि आयएसओ (आंतरराष्ट्रीय). शिमानोचे आणि बहुतेक जपानी क्रँक पहिल्या प्रमाणाचे, कँपान्योलोचे दुसऱ्या. दोन्हींचा उतार सारखाच असतो, पण आयएसओ ॲक्सलचं टोक बारीक असतं. त्यामुळे जेआयएस क्रँक आयएसओ ॲक्सलवर चढवला तर तो हवा त्यापेक्षा साधारण साडेचार मिलिमीटर जास्त आत सरकतो. उलट जोडी लावली तर तेवढाच बाहेर राहतो. वरून पाहून हे ओळखू येत नाही. क्रँकचा बोल्ट काढा आणि भोकात डोकावा. ॲक्सलचं टोक बोल्ट जिथे टेकतो त्या कडेपेक्षा थोडं आत असलं पाहिजे. ते कडेच्या बरोबरीला आलं असेल तर बोल्ट ॲक्सलवरच टेकतो, क्रँकला दाबत नाही. मग कितीही आवळा, क्रँक सैल होणारच. असं दिसलं तर प्रमाणातच चूक आहे, क्रँक किंवा बॉटम ब्रॅकेट बदलावा लागेल.

टोक व्यवस्थित आत असेल, तर तुमचा ॲक्सल या क्रँकसाठी आखूड आहे. किती आखूड, ते चेनलाइन मोजून कळेल. सीट ट्यूबचा (सीटखालच्या नळीचा) व्यास मोजा, त्याच्या निम्म्यात नळीच्या उजव्या पृष्ठभागापासून दोन चेनरिंगच्या मधोमधपर्यंतचं अंतर मिळवा. रोड सायकलीच्या दोन चेनरिंगसाठी ही बेरीज साधारण ४३.५ मिलिमीटर यायला हवी. ती ४१.५ आली तर क्रँक २ मिलिमीटर बाहेर न्यायचा आहे. सममित ॲक्सलची वाढ दोन्ही बाजूंना वाटली जाते, म्हणून ४ मिलिमीटर लांब ॲक्सल घ्यावा लागेल. जुन्या कार्ट्रिजच्या (बंदिस्त बॉटम ब्रॅकेटच्या) अंगावर शेलची रुंदी आणि ॲक्सलची लांबी बहुधा छापलेली असते, ती आधी टिपून घ्या.

प्रश्न : पोकळ ॲक्सलचा, बाहेर बेअरिंग असलेला क्रँकसेट घ्यायचा आहे. माझ्या फ्रेममध्ये काय बसेल ते कसं ओळखू?

उत्तर : बॉटम ब्रॅकेट काढून शेल रिकामं करा, आतून पुसून घ्या आणि दोनच मापं घ्या : रुंदी आणि आतला व्यास. व्हर्नियर कॅलिपर नसेल तर कुणाचा तरी आणा, पट्टीवर हे काम होत नाही. का, ते पुढे कळेल.

आत आटे असतील आणि रुंदी ६८ किंवा ७३ मिलिमीटर असेल, तर ते सगळ्यात प्रचलित इंग्लिश आट्यांचं शेल आहे. त्यात उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, म्हणजे कप (बेअरिंगची आट्यांची वाटी) घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर निघतो. आटे असून रुंदी ७० असेल तर ते इटालियन. तिथे दोन्ही बाजूंचे आटे सरळ आणि व्यासही थोडा मोठा. या दोघांचे कप एकमेकांत बसत नाहीत. जोर करून बसवायला गेलात तर आटे मरतात आणि नुकसान क्रँकचं नव्हे, फ्रेमचं होतं.

आटे नसतील तर बेअरिंग दाबून बसवायचं शेल आहे. व्यास ४१ आणि रुंदी ८६.५ असेल तर रोडचं एक प्रमाण, व्यास ४२ आणि रुंदी ६८ असेल तर वेगळंच, ४६ असेल तर तिसरं. पट्टी का नको ते इथे दिसतं : ४१ आणि ४२ मध्ये एका मिलिमीटरचा फरक आहे आणि तेवढ्यावर सगळं खोळंबतं.

आता ॲक्सल. शिमानोच्या या पद्धतीच्या क्रँकचा ॲक्सल २४ मिलिमीटर जाडीचा आहे. स्रॅम कंपनीच्या जीएक्सपी पद्धतीचा उजवीकडे २४ आणि डावीकडे २२, तर त्यांच्याच नव्या डब पद्धतीचा २८.९९. शिवाय ३० मिलिमीटरवाले आहेतच. २४ चा ॲक्सल योग्य ॲडॅप्टर घेऊन मोठ्या व्यासाच्या शेलमध्ये बसवता येतो. उलटं जमेलच असं नाही. अरुंद शेलसाठी बनवलेला ३० चा आखूड ॲक्सल आट्यांच्या शेलला बाहेरून लागणाऱ्या कपांमधून पार होत नाही, तिथे मुळात लांब ॲक्सलचाच क्रँक लागतो.

रुंदीही विसरू नका. ६८ साठी बनवलेला रोडचा क्रँक ७३ च्या शेलमध्ये बसणार नाही, ॲक्सलची लांबी पुरत नाही. माउंटन बाइकचा शिमानो क्रँक मात्र दोन्हींत बसतो, स्पेसर (फट भरणाऱ्या कड्या) बदलून. पट्ट्याने नळीला आवळलेला फ्रंट डिरेलर (चेन एका चेनरिंगवरून दुसरीवर ढकलणारा भाग) असेल तर ७३ ला उजवीकडे २.५ मिलिमीटरचा एक स्पेसर, आणि ६८ ला उजवीकडे दोन, डावीकडे एक. हे स्पेसर चुकले की क्रँक बसलेला दिसतो, पण चेनलाइन बिघडते किंवा डावा क्रँक ॲक्सलवर पुरेसा चढत नाही. बसवताना डाव्या क्रँकच्या फटीतली बारीक प्लेट पाहा. तिची खुंटी ॲक्सलच्या भोकात बसली तरच ती खाली दाबली जाते. ती वर उचललेली राहिली तर क्रँक अजून पूर्ण चढलेला नाही, बोल्ट आवळू नका. डाव्या क्रँकची टोपी फक्त हलक्या हाताने फिरवायची. मग दोन बोल्ट आलटून पालटून, थोडं थोडं करत १२ ते १४ न्यूटन मीटरपर्यंत आवळायचे.

प्रश्न : ५२-४२-३० दात्यांच्या तीन चेनरिंग काढून ५०-३४ च्या दोन लावायच्या आहेत. मागे ११-२८ ची कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) आहे. डिरेलर बदलावे लागतील का?

उत्तर : मागचा नक्की नाही. आत्ता तो पुढचा २२ आणि मागचा १७, असा एकूण ३९ दात्यांचा फरक सांभाळतो आहे, बदलानंतर ३३ च सांभाळायचा आहे. पुढचा बहुधा चालतो, पण तो खाली घ्यावा लागेल. एक दात कमी झाला की चेनरिंगची त्रिज्या साधारण २ मिलिमीटरने घटते, म्हणजे ५२ वरून ५० ला यायचं तर सुमारे ४ मिलिमीटर खाली. मोठ्या चेनरिंगच्या दात्यांवर १ ते ३ मिलिमीटर फट ठेवा. तिनासाठी बनलेल्या डिरेलरची आतली पट्टी खोल असते, त्यामुळे बदल थोडा ओबडधोबड वाटू शकतो. शिफ्टरचा तिसरा टप्पा लिमिट स्क्रूने बंद करता येतो.

मला काळजी आहे ती तुमच्या चढांची. आत्ताचा सगळ्यात हलका गिअर ३० भागिले २८, म्हणजे १.०७. नंतर तो १.२१ होईल, साधारण १३ टक्के जड. घाटात हे पायांना चांगलंच जाणवतं. मागे ११-३२ ची कॅसेट घातलीत तर १.०६ मिळतो आणि एकूण फरक ३७ राहतो, म्हणजे डिरेलरच्या आवाक्यात. फक्त त्याला ३२ चं मोठं चक्र झेपतं का, ते मॉडेल क्रमांकावरून बघून घ्या आणि चेन पुढच्या-मागच्या मोठ्या चक्रांवर टाकून लांबी तपासा.

प्रश्न : क्रँक चांगला आहे, फक्त चेनरिंग झिजली आहे. पाच बोल्टची आहे. माप कसं घेऊ?

उत्तर : समोरासमोर बोल्ट नसल्यामुळे बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास थेट मोजता येत नाही. शेजारच्या दोन बोल्टच्या केंद्रांमधलं अंतर मोजा आणि १.७ ने गुणा. अंतर ७६.४ मिलिमीटर असेल तर वर्तुळ १३० चं, ६४.७ असेल तर ११० चं. चार बोल्ट सारख्या अंतरावर असतील तर १.४१४ ने गुणा, अंतर ७३.५ असेल तर वर्तुळ १०४ चं. बोल्ट बसणाऱ्या हातांची अंतरं असमान असलेल्या नव्या क्रँकना हे गणित लागू नाही, तिथे मॉडेल क्रमांक पाहूनच घ्यावी लागते. वर्तुळावरून सगळ्यात लहान चेनरिंगही ठरते : १३० वर ३८ दाते, ११० वर साधारण ३४, १०४ वर ३२. दोनाऐवजी एकच चेनरिंग ठेवणार असाल तर आखूड बोल्ट घ्या, लांब बोल्ट पुरेसे आवळत नाहीत. चेन झिजली असेल तर तीही बरोबरच बदला.

प्रश्न : १७५ चा क्रँक काढून १६५ चा लावला तर बाकी काही बदलावं लागेल?

उत्तर : लांबीचा बॉटम ब्रॅकेटशी आणि चेनलाइनशी संबंध नाही. सीट मात्र १० मिलिमीटर वर घ्या, कारण खालच्या टोकाला पेडल तेवढं वर येतं. मग वरच्या टोकाला गुडघा आधीपेक्षा २० मिलिमीटर कमी दुमडतो, गुडघे दुखणाऱ्यांना याचा उपयोग होतो. तरफ आखूड झाल्याने पेडल थोडं जड लागेल.

प्रश्न : चौकोनी टोकाचा डावा क्रँक सारखा सैल होतो. आवळला की आठवडाभर टिकतो. फक्त डावा बदलला तर चालेल?

उत्तर : चालेल, आणि लवकर बदला. क्रँक ॲल्युमिनियमचा, ॲक्सल स्टीलचा. सैल क्रँक चालवत राहिलात की चौकोनी भोक गोलसर होत जातं. एकदा तसं झालं की ते आवळून सुधारत नाही. नवा घेताना लांबी उजव्याइतकीच हवी, चौकोनी टोकाचं प्रमाण तेच हवं आणि पेडलच्या भोकाचे आटे तुमच्या पेडलशी जुळले पाहिजेत. तीन भागांच्या क्रँकना ते ९/१६ इंचाचे असतात, एकसंध जुन्या क्रँकना अर्ध्या इंचाचे. डावीकडच्या पेडलचे आटे उलटे असतात, हे बसवताना लक्षात ठेवा.

जुना काढताना आधी बोल्ट आणि त्याखालची वॉशर दोन्ही निघाल्याची खात्री करा. वॉशर आत राहिली तर पुलर (क्रँक ओढून काढायचं साधन) तिच्यावरच दाब देतो आणि क्रँकचे आटे उपटून येतात. पुलर हाताने पूर्ण आत फिरवा, मगच पाना लावा. ॲक्सलचं टोक पुसून बघा. कडा गोल झालेल्या किंवा चेपलेल्या दिसल्या तर नवा क्रँकही टिकणार नाही, ॲक्सलसकट बदला. नवा बसवताना ३५ ते ५० न्यूटन मीटरपर्यंत आवळा आणि पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर तो तेवढाच घट्ट आहे का, ते टॉर्क रेंच लावून पुन्हा तपासा.