थंडीत खोलीत गॅस हीटर कसा लावावा? रात्रभर चालू ठेवला तर चालेल का?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. रात्रभर चालू ठेवू नका. झोपायच्या आधी हीटर बंद करायचा, तोही रेग्युलेटरवरून. आई-वडील झोपतात त्या खोलीत तर तो रात्री नकोच.

तुम्ही लिहिलंय की पाथर्डी फाट्याला फ्लॅट आहे, खोली दहा बाय दहा, भावाने परदेशातून आणलेला तीन प्लेटांचा चाकांवरचा हीटर आहे, आणि घरात सगळ्यांना सिलिंडर फुटायची भीती वाटते. मी नाशिकमध्ये शेगड्या आणि गॅस गिझर दुरुस्त करतो. निफाडचा पारा पाचच्या खाली गेल्याची बातमी आली की लोक माळ्यावरचे हीटर काढतात आणि मला फोन येतात. विचारणारा प्रत्येक जण सिलिंडरबद्दल विचारतो. खिडकीबद्दल कोणी विचारत नाही, आणि मला खरी काळजी तिचीच असते.

हिशोब करून बघा. तीन प्लेटांचा हीटर साधारण ४.२ किलोवॅटचा असतो. पूर्ण चालू असेल तर तासाला ३०० ग्रॅमच्या आसपास गॅस खातो. १ किलो एलपीजी जळायला साडेतीन किलोहून थोडा जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणजे तासाला एक किलोहून अधिक. तुमची खोली दहा फूट उंच धरली तर हवा भरते २८ घनमीटर. दार-खिडकी घट्ट बंद असेल तर तासाभरात त्या हवेतला ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ च्या आसपास येतो. त्यात तुम्ही चौघं श्वास घेताय ते वेगळंच. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत दाराखालून, कौलांतून वारा यायचा, शेगडी पेटवून बसलं तरी निभावून जायचं. आताच्या फ्लॅटमधल्या स्लायडिंग खिडक्या रबरी पट्टीपर्यंत बंद होतात, वर आपण फटीत कागदाचे बोळे कोंबतो.

ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून जास्त ओढीने चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, झोप येते, आणि ती झोप थंडीची वाटते. गॅस गिझर लावून बाथरूममध्ये माणसं दगावल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. तिथेही बहुतेक वेळा सिलिंडर जागच्या जागी धड असतो. घरातल्या दोघा-तिघांचं डोकं एकदमच दुखायला लागलं आणि बाहेर गॅलरीत गेल्यावर बरं वाटलं, तर पित्त समजू नका. हीटर बंद करा, सगळे बाहेर पडा. कोणी ग्लानीत असेल तर लगेच दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना हीटर चालू होता हे आपणहून सांगा, म्हणजे त्यांना दिशा कळते.

‘खिडकी उघडी ठेवायची तर हीटर कशाला?’ असं सगळेच म्हणतात. या प्लेटा खोलीतली हवा तापवण्यापेक्षा समोर बसलेल्या माणसाला थेट ऊब देतात, शेकोटीसमोर बसल्यासारखं. म्हणून खिडकी चार बोटं उघडी आणि समोरचं दार किलकिलं असलं तरी मीटर-सव्वा मीटरवर बसलेल्याला ऊब लागते. आणखी एक खूण सांगतो. १ किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते. काचेवर आतून पाणी धरायला लागलं, भिंत ओलसर झाली, तर खोलीतली हवा बदलत नाहीये हे नक्की.

बऱ्याच हीटरांत ऑक्सिजन कमी झाला की बंद करणारा सेन्सर असतो, साधारण १८ टक्क्यांच्या आसपास तो ज्योत विझवतो. हीटर कलंडला तर गॅस तोडणारं बटणही असतं. या दोन्हींपैकी एक जरी नसेल तर तो हीटर घरात वापरू नका, असं माझं स्पष्ट मत. असले तरी त्यांच्या भरवशावर झोपू नका. तो सेन्सर कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. त्यासाठी वेगळा अलार्म मिळतो, तो घ्याच. दुकानदार कधीकधी त्याऐवजी गॅसगळतीचा अलार्म गळ्यात मारतात. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून गळतीचा अलार्म जमिनीजवळ लावतात. दोन्हींचं काम वेगळं आहे, डबीवर नीट वाचून घ्या.

आता जोडणी. परदेशी हीटर म्हटल्यावर मागची पाटी आधी वाचायची. त्यावर किती मिलिबार दाब लागतो ते छापलेलं असतं. आपल्या घरगुती रेग्युलेटरमधून ३० मिलिबारच्या आसपास दाब येतो. पाटीवर २८-३० असेल तर जुळतं. हीटर प्रोपेन आणि ब्युटेन दोन्हींवर चालणारा हवा, कारण आपला एलपीजी दोन्हींचं मिश्रण असतो. एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका: मिसळीच्या गाडीवर किंवा भट्टीवर असतो तो हाय प्रेशर रेग्युलेटर हीटरला लावू नका. ‘जास्त पेटतो’ म्हणून लावलेले मी पाहिलेत. प्लेट फुटते, नाहीतर ज्योत बाहेर येते.

घरगुती जोडणीचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर स्वयंपाकासाठी दिलेला असतो. हीटरला ओळखपत्रावर मिळणारा ५ किलोचा छोटा सिलिंडर घ्या, त्याच्या व्हॉल्व्हला बसणारा रेग्युलेटर वितरकाकडूनच घ्या. तीनही प्लेटा चालवल्या तर तो सोळा-सतरा तास जातो, एकच चालवली तर पन्नासच्या आसपास. सिलिंडरच्या कड्याजवळच्या पट्टीवर अक्षर आणि साल असतं, ती तपासणीची मुदत. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, पुढे सी आणि डी तसेच. मुदत उलटलेला सिलिंडर परत करा. नळी आयएसआय छापाची, नारिंगी सुरक्षा होज. तिच्यावरची तारीख बघा, पाच वर्षांनी बदला. दीड मीटरपेक्षा लांब नको, मध्ये जोड नको, हीटरच्या तोंडासमोरून तर अजिबात नको.

सगळं जोडल्यावर हीटरची कळ बंद ठेवून रेग्युलेटर चालू करा आणि नळीच्या दोन्ही टोकांना, रेग्युलेटरच्या जोडाला साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर बंद करून पुन्हा बसवा. काडी लावून बघणारे अजूनही आहेत, त्यांच्याबद्दल काय बोलणार!

पेटवताना कळ दाबून धरा, ज्योत लागल्यावरही दहा-पंधरा सेकंद धरूनच ठेवा. आतला थर्मोकपल, म्हणजे ज्योतीची उष्णता ओळखून गॅस चालू ठेवणारा भाग, तापला की कळ सोडली तरी ज्योत राहते. पेटला नाही तर सारखं खटखट करू नका. बंद करून पाच मिनिटं थांबा, तेवढ्यात साठलेला गॅस निघून जाऊ द्या. प्लेट नारिंगी-लाल होणं बरोबर आहे. पिवळ्या जिभा बाहेर येत असतील, काजळी धरत असेल, तर जळण नीट होत नाहीये. पावसाळाभर पडून राहिलेल्या हीटरच्या जेटमध्ये कोळी जाळं करतो, धूळ बसते. मोसमात पहिल्यांदा काढलात की साफ करून घ्या. पडदे, गादी, सोफा मीटरभर लांब. त्यावर कपडे वाळवायचे नाहीत, कितीही मोह झाला तरी.

थंडीत छोटा सिलिंडर जोरात चालवला की गार पडतो, बाहेरून पाणी धरतो, ज्योत मंदावते. लग्नाच्या स्वयंपाकात आचारी अशा वेळी सिलिंडर गरम पाण्याच्या टबात ठेवतात किंवा आडवा पाडतात. तुम्ही यातलं काही करू नका. आडवा केला की द्रवच नळीत उतरतो. एक प्लेट कमी करा, पुरेल.

गॅसचा वास आला तर रेग्युलेटर बंद, टोपी लावा, दारं-खिडक्या उघडा. विजेचं कोणतंही बटण चालूही करू नका, बंदही करू नका. बाहेर येऊन १९०६ या गॅसगळतीच्या मदत क्रमांकावर फोन लावा. जास्तीचा भरलेला सिलिंडर त्याच खोलीत ठेवू नका.

आई-वडिलांच्या खोलीसाठी माझं ऐकाल तर तेलाचा इलेक्ट्रिक रेडिएटर घ्या. त्याला हवा लागत नाही, धूर नाही. फक्त तो १६ अँपिअरच्या सॉकेटवरच लावा, एक्स्टेन्शन बोर्डवर नाही. गॅस हीटर संध्याकाळी हॉलमध्ये, सगळे जागे असताना तासभर, एवढाच ठेवा. आणि पाटीवरचा आकडा ३० पेक्षा बराच वेगळा असेल तर जोडायच्या आधी कळवा, काय करता येईल ते सांगतो.