रसद म्हणजे ‘पोचते’

प्रश्न असा आहे: “‘नाटोने युक्रेनला शस्त्रांची कुमक पाठवली’ हे वाक्य बरोबर आहे का? कुमक आणि रसद यांत फरक काय? आणि कुमक स्त्रीलिंगी की पुल्लिंगी?”

वाक्य साफ चूक आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर मोठी चढाई केली, तेव्हापासून बातम्यांत ही चूक इतक्यांदा कानावर पडते की आता ती चूक वाटेनाशी झाली आहे. कुमक म्हणजे माणसं. एक फौज अडचणीत असताना तिच्या मदतीला धावून जाते ती दुसरी फौज. तोफा, गोळे, डिझेल, पीठ, पट्ट्या ही रसद. नाटो देशांनी युक्रेनला रसद दिली, लढायला फौज दिली नाही. साऱ्या युद्धाचं राजकारण याच फरकावर उभं आहे आणि ‘शस्त्रांची कुमक’ म्हटलं की नेमका तोच पुसला जातो.

खरी कुमक पाहायची तर कुवेतकडे पाहा. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेत गिळलं. सुरक्षा परिषदेने नोव्हेंबरात ठराव ६७८ करून इराकला माघारीसाठी १५ जानेवारी १९९१ची मुदत दिली, आणि २४ फेब्रुवारीला अनेक देशांच्या फौजा स्वतः जमिनीवरून आत घुसल्या. ही कुमक. युक्रेनच्या युद्धात एका देशाने दुसऱ्याला कुमक पाठवली, पण ती चढाई करणाऱ्याला! उत्तर कोरियाचे सैनिक २०२४च्या अखेरीस रशियाच्या कुर्स्क भागात युक्रेनी फौजेशी लढायला उतरले आणि एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी ते मान्यही केलं. शब्द जपून वापरला असता तर ही बातमी किती मोठी आहे ते वाचकाला एका शब्दात कळलं असतं. पण कुमक आधीच रणगाड्यांवर आणि क्षेपणास्त्रांवर खर्चून टाकलेली.

यावर एक ठरलेला आक्षेप येतो, तोही कोश उघडून. फारसीत ‘कुमक’ म्हणजे नुसती मदत, मग शस्त्रांची कुमक का चालू नये? इराणात आजही संकटातला माणूस हाच शब्द ओरडतो, हे खरं. फारसीच्याही मागे जा, मूळ तुर्की कुळातलं आहे; कझाक आणि अझरबैजानी भाषांत आजही ‘कोमेक’ म्हणजे मदत. पण फारसीत ‘दारू’ म्हणजे औषध, म्हणून दारूगोळ्याला कुणी औषधगोळा म्हणत नाही. शब्द मराठीत येऊन काय झाला, ते मराठी सांगते. कुमक आपल्याकडे लष्करी छावणीतून आली आणि मुख्यतः फौजेचीच राहिली. मुळाचा दाखला देऊन चालू भाषेतला उपयोगी भेद मोडणं ही व्युत्पत्तीची सेवा नव्हे.

आता रसद. इथे खरा आनंद आहे. ‘रसीदन’ म्हणजे पोचणे, हे फारसी क्रियापद. ‘रसद’ हे त्याचं वर्तमानकाळी रूप: ‘(ते) पोचते’. ‘रसीद’ हे भूतकाळी रूप: ‘पोचलं’. म्हणजे रसद हे मुळात नाम नाहीच, अख्खं क्रियापद आहे. जी पोचते ती रसद, आणि पोचली की हातात येते ती रसीद! रस देणारी ती ‘रस-द’ अशी संस्कृत फोड कुणी करू नये. अरबी ‘रसद’शीही तिची गल्लत नको; तो ‘स्वाद’ अक्षराने लिहितात, त्याचा अर्थ आकाशनिरीक्षण, आणि त्यावरून वेधशाळेला रसदगाह म्हणतात. उच्चार जुळले तरी दोघांचं कूळ वेगळं.

आणि मराठीने पुढे काय केलं पाहा. रसीदेला आपण म्हणतो पावती, ‘पावणे’वरून, पावणे म्हणजेही मुळात पोचणे. दुसरा शब्द ‘पोच’, तोही पोचण्यावरूनच. आणि दोन्ही मिळून पोचपावती. हा योगायोग नाही, असं माझं ठाम मत आहे. फारसी दफ्तरात मुरलेल्या मराठी कारकुनांनी ‘रसीद’ आतून समजून घेतली आणि आपल्या क्रियापदांतून पुन्हा घडवली. कोशांत ‘रसद’पुढे ‘फारसी’ एवढंच लिहून थांबतात. घराण्याचं नाव सांगायचं आणि सख्ख्या भावंडांची ओळखच करून द्यायची नाही, याला व्युत्पत्ती म्हणायचं का?

अर्थाचा हा मूळ गाभा युक्रेनला तंतोतंत लागू पडतो. मार्च २०२३ मध्ये युरोपीय संघाने बारा महिन्यांत १० लाख तोफगोळे द्यायचं ठरवलं. मार्च २०२४ पर्यंत जेमतेम निम्मे देता येतील हे संघालाच कबूल करावं लागलं. अमेरिकेची सुमारे ६१ अब्ज डॉलरची तरतूद तिथल्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, महिनोन्‌महिने अडकली; एप्रिल २०२४ मध्ये ती मंजूर झाली, तोवर फेब्रुवारीतच गोळ्यांची चणचण असलेल्या युक्रेनी फौजेला अवदिव्का हे शहर सोडावं लागलं होतं. जाहीर झालेला आकडा म्हणजे रसद नव्हे. तो वायदा.

पोचण्यातली अडचण बारकाईने पाहावी. १५५ मिमीचा एक गोळा साधारण ४५ किलोचा. तो येतो तेव्हा त्याच्या नाकात फ्यूज, म्हणजे गोळ्याचा स्फोट घडवणारा भाग, नसतो, उचलायची कडी फिरवून बसवलेली असते. तोफेवर ती काढून फ्यूज बसवायचा. शिवाय गोळा फेकायला दारूच्या पिशव्या किंवा नळकांडी वेगळी, आणि ती पेटवायला प्रायमर वेगळा. चारांतलं एक मागे राहिलं की उरलेली तीन निकामी. युक्रेनच्या जुन्या सोव्हिएत तोफा १५२ मिमीच्या. फरक फक्त ३ मिमीचा, पण एकीचा गोळा दुसरीला चालत नाही. त्यात रेल्वे: पोलंडचे रूळ १४३५ मिमी रुंद, युक्रेनचे १५२०. सीमेवर एक तर माल क्रेनने दुसऱ्या गाडीत चढवायचा, नाहीतर डब्यांखालचे चाकांचे सांगाडे बदलायचे. रसद ‘पोचते’ की नाही, हे अशा ठिकाणी ठरतं.

आपल्या इतिहासातही या दोन गोष्टी वेगळ्या दिसतात. पानिपतच्या मोहिमेत डिसेंबर १७६० मध्ये रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि भाऊसाहेबांची रसद आटली. कुमक घेऊन खुद्द नानासाहेब पेशवे उत्तरेला निघाले होते. ते भेलशाच्या (आजच्या विदिशाच्या) आसपास असताना १४ जानेवारी १७६१च्या पराभवाची बातमी आली. एकाच छावणीला दोन वेगळ्या गोष्टी कमी पडल्या आणि त्यांना दोन वेगळी नावं होती.

राजनैतिक बाजूला तिसरा शब्द आहे, पाठिंबा. २ मार्च २०२२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४१ देशांनी चढाईचा निषेध करणाऱ्या ठरावाच्या बाजूने मत दिलं, ५ विरोधात गेले, भारतासह ३५ तटस्थ राहिले. तो पाठिंबा. एप्रिल २०२२ पासून जर्मनीतल्या रामस्टाईन तळावर पन्नासेक देशांचे संरक्षणमंत्री बसून कोण काय देणार ते ठरवू लागले, ती रसदेची बैठक. आणि परदेशातून स्वतःहून येऊन युक्रेनी सैन्यात करारावर भरती झालेले लोक कुमक नव्हेत, कारण त्यांना कोणत्याही देशाने धाडलेलं नाही. त्यांना स्वयंसेवक म्हणा.

क्रियापदंही ठरलेली आहेत. रसद पुरवतात, पोचवतात, तोडतात. कुमक धाडतात, मागवतात, आणि कुणाच्या कुमकेला धावून जातात. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने काही दिवस लष्करी मदत थांबवली, तेव्हा ‘कुमक रोखली’ असं म्हणणं दुहेरी चूक. ‘रसद तोडली’ एवढं पुरे होतं.

लिंगाचं राहिलं: दोन्ही स्त्रीलिंगी. तुमचं वाक्य असं लिहा: ‘नाटो देशांनी युक्रेनला शस्त्रांची रसद पाठवली.’ आणि शस्त्रं अजून निघालीच नसतील, तर ‘द्यायचं कबूल केलं’.