स्टॅम्पपेपरवर काडीमोड झाला का?

“मॅडम, कोर्टात न जाता आपसात मिटवता येतं ना? आम्ही तर नोटरीपण केलंय.” हा प्रश्न मला फार वेळा ऐकावा लागतो. सुजाता (नाव बदललं आहे) मामांना घेऊन आली तेव्हा तिच्या पिशवीत पाचशेच्या स्टॅम्पवरचा कागद होता. ‘आजपासून उभयतांचा घटस्फोट झाला असून दोघेही पुनर्विवाहास मोकळे आहेत.’ खाली एक ओळ अशी, की दागिने परत मिळाल्यावर मुलाच्या खर्चासाठी ती पुढे काही मागणार नाही.

नोटरीच्या शिक्क्याने हिंदू विवाह मोडत नाही. एखाद्या समाजाची जुनी रूढी कोर्टात सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. अशा कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं, तर ते बेकायदा ठरतं. मुलाची पोटगी हा मुलाचा हक्क आहे, त्यामुळे आईला तो परस्पर सोडून देता येत नाही. मामांना हे पटायला वेळ लागला. नोटरीचे पैसे तेच देऊन बसले होते.

भांडण मात्र कोर्टाबाहेर, मध्यस्थीने मिटू शकतं. त्यासाठी नवऱ्यालाही बोलावलं. सोन्याचा हिशेब तासाभरात झाला, पाटल्या नि गंठण परत द्यायचं ठरलं. घोडं अडलं शनिवारवर. मुलगा एक शनिवार-रविवार सोडून बापाकडे राहील, शाळेच्या फाटकातून तो त्याला नेईल आणि रविवारी संध्याकाळी सहाला आणून सोडेल, इथवर दोघं आले. पण मुलाला दम्याचा त्रास. “पंप कधी द्यायचा, ठाऊक तरी आहे का यांना?” सुजाताचा आवाज चढला. त्याला खरंच ठाऊक नव्हतं. मग तिनेच पर्समधून पंप काढला, हलवला, स्पेसर (पंपाला जोडायची नळी) लावून दाखवला. त्याने मोबाइलवर व्हिडिओ घेतला. पाडवा बापाकडे आणि भाऊबीज आईकडे, हे त्यानंतर पाच मिनिटांत ठरलं. माझ्या मते अशा बारीकसारीक गोष्टींसाठी कोर्टाच्या तारखा घालवण्यात अर्थ नसतो. न्यायाधीशांना तेवढी उसंतही नसते.

घटस्फोटासाठी कोर्टाची पायरी चढावी लागलीच, फक्त भांडायला नाही. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली, म्हणजे परस्परसंमतीने घटस्फोटासाठी, दोघांनी मिळून अर्ज केला, त्याला ठरलेल्या अटी जोडल्या. मुलाचा महिन्याचा खर्चही त्यात आला. दोघं दोन वर्षं वेगळी राहत होती नि सगळं मिटलं होतं, म्हणून सहा महिने थांबण्याची अट माफ करण्याचीही विनंती केली. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानुसार कोर्ट ती मान्य करू शकतं, इथे केलीही.

“मध्यस्थीत बोललेलं उद्या माझ्यावर उलटेल का?” ही भीतीही बायका बोलून दाखवतात. मध्यस्थीतलं बोलणं गोपनीय असतं, पुरावा म्हणून वापरता येत नाही. समझोता झाला तर सही केलेल्या अटी तेवढ्या कोर्टापुढे जातात. मात्र घरात मारहाण चालू असेल, तर समेटाच्या टेबलावर बसायची घाई करू नका, आधी कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्यांना गाठा.

मध्यस्थीसाठी दावा दाखल करण्याआधीच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज देता येतो. स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो.